तुला भांडता यावं म्हणून

मिल्कामावशी, तुझ्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. तुला मातीत ठेवून आलो, तुझ्या पेणच्या घराला कुलूप लावलं, खिडकीतल्या कुंड्या सुमनने आमच्याकडे आणल्या, तरी उतरला नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. असं म्हणणारी माणसं आयुष्यात कुणाशी मनापासून भांडलेली नसावीत. आपण भांडलो. तेव्हा तू आता नाहीस म्हणून मी मऊ बोलेन अशी अपेक्षा करू नकोस. तुला ते आवडणारही नाही.

पेणमध्ये माझं दुमजली घर आहे. धरमतरच्या जेटीवर बार्जमधली पोती पाठीवरून वाहणाऱ्या माणसानं ते बांधलंय. कुणाच्या बापाचा पैसा त्यात नाही, माझ्याही नाही. वरच्या मजल्यावर हवेशीर खोली आहे, संडास खोलीला लागून आहे. तू अंगणात पडलीस, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, तेव्हा सुमनने ती खोली लावली. नवे पडदे शिवून घेतले, आणि ते तुझ्याच शिवणक्लासात शिकलेल्या बाईकडून. मी हॉस्पिटलात तुझ्या खाटेशी उभा राहून म्हटलं, आता आमच्याकडे चल. तू छताकडे बघत म्हणालीस, "नाय."

"नाय म्हणजे? सुमननं खोली लावलीय."

"सुमनला सांग, पडदे घडी घालून ठेव. उन्हानं विटतील."

"माझ्या घरात काय खोट हाय ते तरी सांग."

"घरात खोट नाय रे म्हादू. पण पाहुणीला भांडता येत नाय. तुझ्याकडे येऊन मी भांडले तर सुमन रडेल. आणि नाय भांडले तर मी मरेन."

बाजूच्या खाटेवरची बाई हसली. मला हसू आलं नाही. अजून येत नाही. माझा राग तो हाच. सुमन बिचारी रडली असती हे खरं आहे, पण रडून झाल्यावर तिनं तुला गरम चहा दिला असता.

आपली ओळख भांडणातूनच झाली. मी तेव्हा जेटी सोडून हातगाडीवर पोहे विकायला लागलो होतो. माझी पोह्यांची गिरणी अजून स्वप्नातसुद्धा नव्हती. तू गाडीपुढे आलीस, मूठभर पोहे तळहातावर घेतलेस, फुंकर मारलीस आणि म्हणालीस, "हे पोहे हायत का भुसा?" मी भडकलो. म्हटलं, मावशी, घ्यायचे तर घ्या, नाहीतर पुढं व्हा. तू पोह्यांची जाडी काढलीस, रंग काढलास, माझ्या तराजूला नावं ठेवलीस, माझ्या शर्टाच्या उसवलेल्या खिशालाही नावं ठेवलीस, आणि शेवटी गाडीवरचे होते नव्हते तेवढे सगळे पोहे घेऊन गेलीस. तुम्हा ज्यू लोकांकडे नवसाचा मलिदा होता. नवस फेडायचा तर पोहे, गूळ, खोबरं लागतंच, आणि पोहे चांगले नसले तर देवापुढे लाज जाते, हे तू मला पुढच्या वेळी सांगितलंस. त्याच वेळी खिसाही शिवून दिलास.

त्या दिवशी मला धंद्याचा धडा मिळाला. जो मालाला नावं ठेवतो, तो घेणार असतो. जो "वा, छान आहे हो" म्हणतो, तो निघाला. पुढे गिरणी झाली, डोलवीच्या कंपनीच्या कँटीनला माल जायला लागला, गावोगावचे व्यापारी आले, पण हा हिशेब कधी चुकला नाही. मी स्वतः आजपर्यंत घ्यायच्या वस्तूला चांगलं म्हटलेलं नाही. सुमनला बघायला गेलो तेव्हासुद्धा तिच्या मामाला म्हणालो होतो की मुलगी उंचीला कमी वाटते. तुझंही तसंच. तुझ्या शालोमचा शाळेत पहिला नंबर आला तेव्हा तू पेढे वाटत म्हणत होतीस, "अक्षर बघा मेल्याचं, कोंबडीचे पाय." सगळ्या आळीला कळायचं, बाई आज खुशीत आहे.

तो शालोम आता अश्दोदला, तुम्हा ज्यूंच्या देशात. तुमची बहुतेक माणसं गेली तसा तोही गेला, तिथंच संसार मांडला. तुला एकदा घेऊनही गेला होता. तू पावसाळा संपायच्या आत परत आलीस आणि स्टँडवर उतरल्या उतरल्या मला म्हणालीस, "देश चांगला हाय, पण मासे सगळे बर्फात गोठलेले." म्हणजे पुन्हा जाणार नाहीस हे मी ओळखलं. तू देशाला चांगलं म्हणाली होतीस ना!

तुझा खुबा मोडल्यावर त्याचा फोन आला. "दादा, ती इकडं येत नाय, तुझ्याकडं येत नाय. आता म्हाताऱ्यांना सांभाळणारं एखादं चांगलं केंद्र बघ. मी इथून फोटो बघून काय सांगणार? तुला माल कळतो."

"माल काय म्हणतोस? आई हाय तुझी."

"म्हणून तर तुला सांगतोय."

मग मी बघायला निघालो. आधी हायवेच्या बाजूला एक नवीन केंद्र होतं तिथे गेलो. फोन न करता गेलो. पोत्याच्या तोंडाशी असलेला दाणा मी कधी बघत नाही, तिथे सगळेच चांगला ठेवतात. पोकळ सळई मध्यावर खुपसून आतला दाणा काढायचा. त्या केंद्रात पुढे सोफा होता, भिंतीवर म्हाताऱ्यांचे केक कापतानाचे फोटो होते. मी बाथरूम विचारून आत घुसलो. फिनेलचा वास इतका, की डोळ्यांत पाणी आलं. अत्तर मारलेलं पोतं दिसलं की मी समजतो खालचा माल भिजलाय. एका खोलीत एक आजोबा कुशीवर होते. त्यांचा पाण्याचा पेला कपाटावर होता, त्यांच्या हातापासून लांब. मी तो हातात दिला, तर त्यांनी एका दमात संपवला. बाहेर येऊन मी तिथल्या बाईंना म्हणालो, "फारच सुंदर व्यवस्था आहे तुमची." त्या खूश झाल्या. मी गाडी काढली.

आणखी एक बघितलं. तिथे सगळं स्वच्छ होतं, माणसं चांगली होती, पण दुपारी जेवणानंतर सगळे म्हातारे एका टीव्हीसमोर ओळीनं बसवलेले, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तुला तिथे ठेवलं असतं तर तू टीव्हीशी भांडली असतीस. तिथेही मी फार छान म्हणालो.

रोह्याचं सगळ्यात शेवटी. वरसे गावात, नव्या बिल्डिंगांच्या मागे, भाताच्या खाचराला लागून एक बैठी इमारत आणि तिच्या मागच्या भागावर चढवलेला एक मजला. फाटकातच आरडाओरडा ऐकू आला. व्हरांड्यात एक म्हातारा खुर्चीत बसून चहाच्या कपाकडे बोट दाखवत ओरडत होता आणि एक जाडजूड बाई खाली बसून त्याच्या पायाची नखं कापता कापता तितक्याच जोरात उलट बोलत होती.

"हा चहा हाय? हा?"

"नाय, गोमूत्र हाय! साखर बंद केलीय डाक्टरनं, माझ्यावर कशाला वराडताव? पाय हलवू नका, बोट कापीन."

"काप! एकदाचं काप!"

"कापलं तर मलाच बांधावं लागंल. गप बसा."

ती नलू. म्हाताऱ्याच्या टाचा मी बघितल्या. कातडी धड होती, कुठे लाल चट्टा नाही, जखम नाही. मी स्वयंपाकघरात गेलो, पाटावर बसलो, आमटी मागून घेतली. गाद्या उचलून खाली हात घातला, कोरड्या होत्या. प्रत्येक खाटेशी पाणी हाताच्या अंतरावर होतं. एका आजींची बेल मी मुद्दाम वाजवली, तर नलू हातातलं नखकटर घेऊनच धावत आली आणि मी वाजवली म्हणून मलाही चार शब्द ऐकवले.

मग मी कामाला लागलो. तेव्हाच्या व्यवस्थापिका रोह्याच्याच होत्या, वयस्क बाई. त्यांच्यापुढे बसून मी एकेक काढलं. डाळीत डाळ शोधावी लागते. व्हरांड्याचा उतार फार उभा आहे. दिवे मंद आहेत. भिंतींचा रंग बघून निरोगी माणूस आजारी पडेल. आणि ती तुमची नखं कापणारी बाई, ती फार तोंडाळ आहे. त्या सगळं ऐकत राहिल्या. मी थांबलो तेव्हा म्हणाल्या, "मग मावशींना कधी आणताय?"

शहाणी बाई. मग आम्ही खरं बोललो. मी खिडकीची खाट मागितली, पेरूच्या झाडाकडची. शुक्रवारी संध्याकाळी तुला दिवा लावायचा असतो, तो लावू द्यायचा हे कबूल करून घेतलं. त्या म्हणाल्या, खोलीत ज्योत चालणार नाही, व्हरांड्यात कुणी तरी उभं राहील तर चालेल. मी म्हटलं, चालेल. खवले नसलेला मासा, कोलंबी, खेकडा तुझ्या ताटात येणार नाही, हेही ठरलं. तुला हे सगळं मी कधी सांगितलं नाही. तू समजत होतीस की त्या केंद्राचीच ती रीत आहे.

तू आलीस आणि पहिल्याच दिवशी नलूशी तुझी जुंपली. मी सामान लावत होतो. तिनं तुला उठवायला हात दिला.

"चल गो मावशे, उठ. दारापर्यंत जायाचं."

"मला दुखतंय."

"दुखंल तर. पाय काय भाड्यानं आणलेत, परत द्यायला?"

"तुझ्या बापाचे नायत ना? मग मी बघीन."

"बघ की. बसून दिसायचे नायत, चालून बघ."

आणि तू उठलीस, मावशी. हॉस्पिटलात त्या गोड बोलणाऱ्या पोरीनं किती विनवण्या केल्या होत्या, तू हलली नव्हतीस. नलूला दाखवून द्यायचं म्हणून तू दारापर्यंत गेलीस, दारातून तिला म्हणालीस, "बघितलंस?" आणि ती म्हणाली, "आता परत कोन येणार, तुझी सासू?"

मी दर रविवारी गिरणी बंद ठेवून नागोठण्यावरून येत होतो. एक रविवार असा गेला नाही की तुझ्याकडे सांगायला काही नव्हतं. नलूनं तुझ्यासाठी मुद्दाम बाजारातून मासे आणले आणि प्रत्येकाचे खवले तुला दाखवले, तर तू म्हणालीस, दाखवतेस काय, मी कस्टमवाली आहे? तिचं म्हणणं, खवले नसले तर खायचं नाही हा कसला कायदा, बोंबलानं काय पाप केलंय? तुम्ही दोघी बोंबलावर तासभर भांडलात. मग तू तिचा ब्लाऊज बघितलास आणि म्हणालीस, "ही शिलाई हाय का गुरं बांधायची दोरी?" तो तिच्या अंगावरून उतरवून घेऊन तू बाह्या उसवल्यास आणि ती बापडी टॉवेल पांघरून तुझ्यासमोर बसून राहिली, शिवून होईपर्यंत. शुक्रवारी व्हरांड्यात तू दिवा लावायचीस तेव्हा ती वाऱ्याकडे पाठ करून उभी राहायची. पदर पसरून. हे तू नाही सांगितलंस, मी एकदा शुक्रवारी काही कामानं रोह्यात आलो होतो तेव्हा फाटकातून बघितलं. आत आलो नाही. तुम्ही दोघी गप्प होतात. असं फार वेळा होत नसे.

दर रविवारी निघताना मी ऑफिसात डोकावून माझी नावं ठेवून येत होतो. डाळ, दिवे, उतार, नलूचं तोंड. तू नलूला सांगायचीस, "घाबरू नको गो. त्याला आवडलंय."

मग त्या रोह्याच्या बाई निवृत्त झाल्या आणि पुण्याकडचे नवे व्यवस्थापक आले. सभ्य मनुष्य. मी बोलत असताना मान हलवायचे, मध्ये बोलायचे नाहीत, शेवटी म्हणायचे, "आपण वेळ काढून सांगितलंत, आभारी आहे." मला तो माणूस कच्चा वाटला. उलट भावच करत नव्हता. पुढच्या खेपेला बघतो तर व्हरांड्याचा उतार फोडून सपाट करायला घेतलेला. दिवे बदललेले, इतके पांढरे की सगळे म्हातारे भुतासारखे दिसत होते. डाळ घट्ट झाली होती. ती घट्ट डाळ तुला पचली नाही, तुझं पोट बिघडलं. आणि नलू नव्हती. नलूला वरच्या मजल्यावर पुरुषांकडे पाठवलं होतं, आणि तुझ्याकडे एक नवीन मुलगी दिली होती. शिकलेली, हळू बोलणारी. "आजी, प्लीज, एवढं घ्या ना." तुला ती कधी ओरडली नाही. तुला तिनं कधी दारापर्यंत नेलंही नाही, कारण तू दुखतंय म्हणालीस की ती म्हणायची, बरं आजी, राहू द्या.

पहिल्या रविवारी तू झोपली होतीस म्हणून मला काही कळलं नाही. पुढच्या रविवारी मी खुर्ची ओढून बसलो आणि नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतो तुझा तुरुंग?"

तू पेरूच्या झाडाकडे बघत म्हणालीस, "छान हाय."

"जेवण?"

"छान हाय."

"ती पोरगी?"

"गुणाची हाय. सगळं छान हाय रे."

मावशी, आयुष्यभर मी तुझ्या तोंडून छान ऐकलं ते फक्त तुला जे नको होतं त्याच्याबद्दल. अश्दोदला तू चांगलं म्हणालीस आणि परत आलीस. आता तू खाट, जेवण, माणसं, सगळ्यालाच छान म्हणत होतीस. तू गाडीपुढून निघालेलं गिऱ्हाईक होतीस. तुझा हात चादरीवर होता, तो मी धरला, तर तू सोडवूनही घेतला नाहीस.

मी तसाच ऑफिसात गेलो. आवाज चढलेला होता हे मला मान्य आहे. नवे व्यवस्थापक उठून उभे राहिले.

"नलूला खाली आणा."

"पण काका, नलूताईंची बदली आपल्याच तक्रारीवरून झाली आहे. आपण दर रविवारी सांगत होतात की त्या पेशंटशी भांडतात."

"भांडते. म्हणूनच पाहिजे!"

"मग ती तक्रार..."

"तक्रार नव्हती हो! भाव करत होतो!"

त्यांना काही कळेना. मी समजावून सांगायला लागलो तर आणखीच गुंता झाला. हा माणूस भाजीवालीकडेसुद्धा सांगेल तो दर देऊन येत असणार. शेवटी ते शांतपणे म्हणाले, "काका, मला एवढंच सांगा. नलूताईंचं काम चांगलं आहे की वाईट? मला एका शब्दात हवंय. तसं सांगितल्याशिवाय मी दोन्ही मजल्यांची पाळी परत बदलू शकत नाही. वरच्या आजोबांनाही माणूस लागतोच."

सरळ प्रश्न होता. मावशी, तुला खोटं वाटेल, माझ्या तोंडून तो शब्द फुटेना. चांगलं म्हणायचं म्हणजे माल हातचा जाणार, हे हाडात इतकं मुरलंय. मी म्हणालो, तिचा आवाज फार मोठा आहे. ते थांबून राहिले. मी म्हणालो, ती ब्लाऊज वाईट शिवते. ते थांबून राहिले. दारात गर्दी जमली होती, स्वयंपाकाची बाई पळी घेऊन आली होती, आणि जिन्यावर स्वतः नलू उभी राहून ऐकत होती. मग मी डोळे मिटले आणि ओरडलो, "चांगलं आहे! तिच्याइतकं चांगलं मी कुठं बघितलेलं नाही! झालं समाधान?"

जिन्यावरून आवाज आला, "अग बाई, शेठ आजारी हायत का काय?"

त्या आठवड्यात ती खाली आली. तू तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस. "आलीस? केवढी सुटलीस वर बसून."

"आन तू केवढी वाळलीस! कोन पाहुणे येणार होते का, मेजवानीला हाडं दाखवायला? उठ."

"दुखतंय."

"दुखंल तर."

मी त्या नव्या व्यवस्थापकांना दोष देत नाही. देतो, थोडासा देतो. रोह्यात नोकरी करायची तर रोह्याच्या बाजारात महिनाभर उभं राहून यावं. पण एक खरं, त्यांनी शब्द पाळला, डाळही पातळ करून दिली. आणि पुढच्या खेपेला मी उतारावरून काही बोललो तेव्हा वर बघून म्हणाले, "काका, हे तक्रार म्हणून घेऊ की भाव म्हणून?" माणूस शिकतोय.

त्यानंतरचे तुझे दिवस मी पुन्हा पुन्हा आठवतो, आणि मला बरं वाटतं. हे लिहिताना आश्चर्य वाटतं, पण बरं वाटतं. तू परत दारापर्यंत चालायला लागलीस, मग व्हरांड्यापर्यंत. रविवारी मला बघितलंस की तुझी यादी तयार असायची: पेरूवरचे पोपट फार ओरडतात, शेजारची आजी झोपेत गाते, नलूच्या पोह्यांत मीठ नसतं, पोहे माझ्याच गिरणीचे म्हणून तसे असतील. तुझा आवाज खणखणीत होता. मी निघालो की तू खिडकीतून शेवटचा टोमणा मारायचीस, आणि मी नागोठण्यापर्यंत त्याला उत्तर शोधत यायचो.

एकदा तू मधेच थांबून म्हणालीस, "म्हादू, सुमनला वाईट वाटलं का रे फार? पडद्यांचं?"

मी म्हणालो, "सुमनला नाय. मला वाटलं."

"तुला कशाला? तू तर दर आठवड्याला येतोस. घरी असते तर तू गिरणीतून आला असतास, वर डोकावून विचारलं असतंस, बरी हायस ना, आणि जेवायला गेला असतास."

मी म्हणालो, असं काही नाही. तू म्हणालीस, असंच आहे. ते भांडण तसंच अर्धवट राहिलं. माझं म्हणणं अजून तेच आहे, माझ्या घरात तुझं काही कमी पडलं नसतं. तुझ्याकडे यावर उत्तर असेल. ते ऐकायची सोय राहिली नाही, एवढंच.

साध्या तापाचं निमित्त झालं. डॉक्टर आले, औषध दिलं, वयाचं कारण सांगितलं. नलूनं मला फोन केला तेव्हा ती पहिल्यांदा हळू बोलली, त्यावरूनच मी समजलो. मी पोचलो तेव्हा दुपार होती, तू डोळे मिटून होतीस आणि ती चमच्यानं पेज भरवायचा प्रयत्न करत होती. तू तोंड फिरवलंस. ती म्हणाली, "घे गो, मावशे, एकच." तू डोळे न उघडता म्हणालीस, "आळणी हाय." तिनं मीठ घातलं. तू एक चमचा घेतलास. मला वाटतं तोच शेवटचा. त्यात तू जिंकलीस, आणि तीही.

प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि आता इथे तुमची माणसं इतकी थोडी. अलिबागकडून, रेवदंड्याकडून फोन करकरून जमवली. शालोमला विमान वेळेत मिळालं नाही. तो फोनवर ऐकत होता, मी फोन धरून उभा होतो. नलू रोह्याहून एसटीनं आली, कबरस्तानाच्या भिंतीशी उभी राहिली, आणि तुझ्यावर माती पडायला लागल्यावर तिला राहवलं नाही. "अशी न भांडता जातेस व्हय?" म्हणून ओरडली. अलिबागहून आलेले लोक दचकले. मी त्यांना म्हणालो, राहू द्या, घरची आहे.

परवा शालोमचा पुन्हा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला, तुझ्या घराचं काय करायचं ते बोलला. मला कळलं, त्याला दुसरंच काही विचारायचंय.

"दादा, एक विचारू? खरं सांग. मी इतक्या लांब. आईला मी परक्या माणसांत ठेवलं. तिथं तिचं नीट झालं का?"

मावशी, माझी जीभ सवयीनं वळली. उतार, दिवे, ते पोपट, सगळं ओठांवर आलं. सांगितलं असतं तर त्याला कळलंही असतं, तो पेणमध्येच वाढलाय. पण तो रडत होता, आणि रडणाऱ्या माणसाला अर्थ लावायला लावू नये. आणि खरं सांगायचं तर तुझ्याविषयी, त्या खाटेविषयी, त्या बाईविषयी मला आता काहीच घ्यायचं उरलं नव्हतं. घेऊन झालं होतं.

मी म्हणालो, "पोरा, चांगलं झालं. फार चांगलं झालं. माझी स्वतःची आई असती तरी मी तिला माझ्या घरात ठेवली नसती, तिथंच ठेवली असती."

पलीकडून नाक ओढत तो म्हणाला,

"दादा, तुझी तब्येत बरी हाय ना?"

हसू नकोस, मावशी.